सिद्रामप्पांचा हुंकार

५ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीनंतर आज स्टुडिओ उघडला. स्टुडिओ म्हणजे लातूरच्या ट्यूशन एरियातली दहा बाय बाराची खोली, भिंतींना फोम आणि मधे एक काच. चार वर्षं मी इथं केमिस्ट्री-फिजिक्सच्या सरांची लेक्चरं रेकॉर्ड करते आणि मग त्यातले खोकले, ढेकर आणि 'कळलं का' कापत बसते. डायरी लिहायची मला सवय नाही. पण आज जे कळलं ते कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली गेली आहे, आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून ही वही.

आज नांदेडचे निजामोद्दीन टेलर आले होते. इतवाऱ्यात त्यांचं दुकान. मी शाळेत होते तेव्हा मराठवाड्यातल्या कुठल्याही बसस्टँडवर यांच्या गप्पांच्या कॅसेटी वाजत असायच्या. मशीनवर बाही जोडता जोडता सांगितलेल्या गप्पा, अर्ध्या मराठीत, अर्ध्या दखनीत. मधे वीस वर्षं सगळे विसरले. आता कॉलेजची पोरं त्यांच्या आवाजावर रील करतात, आणि उदगीरच्या एका पोरीनं म्हणे दंडावर त्यांचा गॉगल गोंदवून घेतलाय. माणूस एकसष्ट वर्षांचा, पण अंगात स्वतः शिवलेलं जीनचं जाकीट आणि डोळ्यांवर तोच गॉगल. मी लगेच चाचा म्हणायला लागले.

घशात गाठ निघाली आहे. चौदा तारखेला इथल्याच दवाखान्यात ऑपरेशन. आवाजाची पेटी वाचेल की जाईल ते उघडल्यावर बघू, असं डॉक्टर म्हणाले.

"म्हंजे गेली समज, बेटा," चाचा म्हणाले. "मीबी गिऱ्हाइकाला बघू म्हनतो तवा कपडा कमी भरलेला असतोय."

एक गोष्ट कॅसेटीत भरायची राहून गेली आहे, मरळ माशाची. तेवढी काढून घे म्हणाले. सध्या ते लेकीकडं राहतात, स्टुडिओपासून चार गल्ल्यांवर, रोज येतील. जुन्या नऊ कॅसेटीही देऊन गेले. हे काम माझं नाव करील. लिहून ठेवते, लाज वाटत नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

दोन दिवस जुन्या कॅसेटी साफ करते आहे. चाचांचा आवाज अफाट आहे. पण मागं कुणीतरी एक माणूस सारखा आवाज करतो. 'हं.' 'हाव.' 'आमेले?' हाव म्हणजे हो, आणि कानडीत आमेले म्हणजे मग पुढं? एवढं मला कळतं, रेणापुरात आमचे शेजारी कर्नाटकाच्या सीमेवरचे होते. एका कॅसेटीत हा बाबा दोनशे चौदा वेळा बोलला आहे. सगळे काढले, एक एक, हातानं. आता ऐकलं तर वाटतं चाचा आजच माइकसमोर बसलेत. मान आणि पाठ एक झाली आहे, पण काम झकास झालंय.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

चाचांना ऐकवलं. दोन मिनिटं ऐकलं, गॉगल काढला, पुसला, परत घातला. "चांगलं हाय," म्हणाले आणि अर्धा चहा टाकून निघून गेले. दुपारपासून फोन बंद. लेकीकडं विचारलं तर नांदेडला गेले म्हणे.

सहा दिवस उरलेत आणि हा माणूस रुसून गावाला गेलाय. दोन दिवसांच्या मेहनतीवर साधं शाब्बास नाही. कलाकार लोकांचा मला मनापासून कंटाळा आहे. यांच्यापेक्षा केमिस्ट्रीचे सर बरे.

१० नोव्हेंबर, रविवार

नांदेडला जाऊन आले. प्रचाराच्या गाड्यांमुळं एसटी अहमदपुरात तासभर अडकली.

दुकानात चाचांच्या पत्नी शकिलाचाची साडीला फॉल लावत होत्या. मी कोण हे सांगितल्यावर त्यांनी सुई थांबवली नाही. म्हणाल्या, "तू सिद्रामभाऊला काढून टाकलंस. मानूस गेला तो गेला, कॅसेटीत तरी हुता. तितूनबी काढलंस."

मग कळलं. सिद्रामप्पा शेजारचे भांड्यांचे दुकानदार, मूळचे उदगीरकडचे. एकतीस वर्षं रोज दुपारी स्टूल घेऊन चाचांच्या मशीनशेजारी बसायचे आणि हुंकार द्यायचे. गोष्टीला हुंकार देणारा लागतोच. हुंकार थांबला की ऐकणारा झोपला असं समजायचं आणि सांगणाऱ्यानं तिथंच आवरतं घ्यायचं. रेणापुरात माझे काकासुद्धा असंच करायचे. मी त्यांच्या गोष्टींत रोज झोपले आहे, आणि तरीही मला हे आठवलं नाही. कानात काय बोळे घातले होते कोण जाणे.

सिद्रामप्पा गेल्या होळीला गेले. त्यानंतर चाचांनी एकही गोष्ट सांगितलेली नाही.

चाचा आत काज करत बसले होते. मी माफी मागितली. "शर्ट फस्क्लास शिवलास, बेटा," ते म्हणाले, "फक्त काजं करायची राहिली. बटन कशात लावू?" मूळ आवाज माझ्याकडं तसेच आहेत, काही पुसलेलं नाही, हे सांगितल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. उद्या येतो म्हणाले.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

काल आणि आज दोन्ही दिवस वाया गेले. माइकसमोर एकटे बसले की चाचांना धड चार वाक्यं सुचत नाहीत. म्हटलं मी हुंकार देते. दिला. पाच मिनिटांत त्यांनी हात जोडले. "बेटा, तू हुंकार देऊन राहिलीस का हजेरी घेऊन राहिलीस?"

ऑपरेशन परवावर आलंय. जेवणाचा डबा तसाच परत नेला.

पण स्टुडिओत परत येऊन एक उद्योग केला. जुन्या कॅसेटींतून सिद्रामप्पांचे हुंकार वेगळे काढले. मंद 'हं', हसू दाबलेलं 'हाव', घाईचं 'आमेले', आणि एक लांब, श्वास सोडत म्हटलेलं 'आ-मे-ले'. चांगले बारा निवडले आणि कीबोर्डच्या बारा पट्ट्यांवर बसवले. मी काचेमागं पट्टी दाबली की चाचांच्या हेडफोनात सिद्रामप्पा बोलणार. जमलं तर जमलं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

जमलं!

पहिली पट्टी दाबली तेव्हा चाचा उठून उभेच राहिले. हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. मग म्हणाले, "आलास का रे भाड्या," आणि खाली बसले आणि सुरू झाले.

नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या धरणात एक मरळ असते. तिच्या बापाला वाटतं पोरगी डॉक्टर झाली पाहिजे. म्हणून तो तिला लातूरला क्लासला पाठवतो. "होस्टेलात बादलीत जागा मिळाली. आता लातूरचं तुमाला म्हाईत हाय, नळाला पानी आठ दिवसाला एकदा. मरळ इचारती, मालकीनबाई, पानी आजच्या दिवसाचं, बाकीचे सात दिवस मी काय करू? बाई म्हनती, अभ्यास!"

आमेले?

"आमेले काय? पोरगी अभ्यासाला बसली. बाकीच्या पोरी रडून राहिल्या तर हिला बरं, तेवढंच पानी!"

मी काचेमागं तोंडात ओढणी कोंबून हसत होते. चाळीस मिनिटं सलग! आणि आवाज किंचित घोगरा झालाय तो माइकवर असा काही लागतो की मी पैसे टाकूनही कुणाकडून तसा आणू शकले नसते.

वर आणखी आनंदाची गोष्ट. जाताना चाचा म्हणाले, मोठे डॉक्टर गावाला गेलेत, ऑपरेशन बावीस तारखेवर गेलं. देव पावला. मी त्यांना पेढा दिला. त्यांनी तो खिशात ठेवला, लेकीकडं गेल्यावर खातो म्हणाले.

१८ नोव्हेंबर, सोमवार

रोज बसतो. गोष्ट वाढतच चालली आहे. मरळ पहिल्या वर्षी नापास झाली, तिनं पुन्हा एक वर्ष दिलं, मग कंधारच्या एका बेडकाबरोबर तिचं जमता जमता राहिलं. आज तिनं स्वतःचाच क्लास काढला. पोस्टरवर स्वतःचा फोटो, खाली 'पाण्याबाहेर राहूनही यश'. मी म्हटलं, चाचा, ही गोष्ट पूर्वीपासून इतकी मोठी होती? म्हणाले, "न्हाई ग, पाव घंट्याची हुती. सिद्राम इचारून राहिलाय, मी काय करू?"

असा माणूस मी पाहिला नाही. रोज नवं सुचतं. चहा मात्र त्यांनी सोडलाय. कोमट दूध पितात तेही मान एका बाजूला कलती करून, घोट घोट, डोळे मिटून. त्यात वेळ जातो, म्हणून टेक संपला की मी रेकॉर्डिंग बंदच करून टाकते. दूध पिणं, लेकीला किंवा चाचीला फोन करणं, हे सगळं नंतर कापत कोण बसणार?

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान करून आले. आज सुट्टी. चाचांचा सकाळीच फोन, आज बसायचं नाही का म्हणून. म्हटलं तुम्ही मतदानाला नांदेडला गेला नाहीत? म्हणाले, "माझं मत सिद्रामला." वेड लागलंय त्यांना या कामाचं, आणि मलाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आजची तारीख होती. सकाळी मनाची तयारी करून बसले होते तर अकरा वाजता हे दारात उभे! भूल देणारे डॉक्टर आजारी पडले, आता एकोणतीस तारीख दिली. डॉक्टर आजारी पडल्याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नसेल.

मरळ आता विष्णुपुरीला परत निघाली आहे. मी म्हटलं, आता शेवटाकडं येऊ. "अजून रस्ता लई हाय," ते म्हणाले.

दोन गोष्टी लिहून ठेवते. एक म्हणजे जाकीट त्यांना आता ढगळ होतं. दुसरी म्हणजे त्यांच्या रुमालावर लाल डाग होते. पान का, विचारलं. हाव म्हणाले.

२५ नोव्हेंबर, सोमवार



चाचा यायच्या आधीच शकिलाचाची आल्या. एकट्या, नांदेडहून पहाटेची गाडी धरून. पाणी दिलं तर घेतलं नाही. म्हणाल्या, दवाखान्यातून काल फोन आला होता. तुमचा पेशंट दोनदा आला नाही, आता एकोणतीसला आला नाही तर आम्ही जबाबदार नाही.

डॉक्टर गावाला गेले नव्हते. भूल देणारेही आजारी नव्हते. दोन्ही दिवशी ते दवाखान्यात वाट बघत होते आणि चाचा माझ्याकडं बसून मरळ सांगत होते. चाचीला, लेकीला, मला, सगळ्यांना एकच थाप.

"मी बोलले रातभर फोनवर," चाची म्हणाल्या. "माझं ऐकत न्हाई. लेकीचं ऐकत न्हाई. म्हनतो, गोष्ट अर्धी हाय, सिद्राम पुढं इचारून राहिलाय, त्येला कसा सोडू? सिद्रामभाऊचंच ऐकतो तो. तू त्येंना गप कर."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी कीबोर्डकडं बोट केलं.

हुंकार थांबला की सांगणाऱ्यानं थांबायचं.

आणि मी काय म्हणाले ते खरं लिहिते, कारण दुसरीकडं कुठं लिहिणार? मी म्हणाले, "चाची, एक-दोन दिवस द्या. शेवट येऊ द्या."

"शेवटच येऊन राहिला, बेटा," म्हणाल्या, आणि लेकीकडं निघून गेल्या.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आज बसलो. एका दिवसानं काय होतंय, एकोणतीस अजून लांब आहे, असं मी स्वतःला सकाळपासून सांगत होते. सगळं माहीत असून पट्ट्या दाबत होते. एक तास दहा मिनिटं. आजवरचं सगळ्यात उत्तम, हेही लिहिलंच पाहिजे. लोह्याच्या रस्त्यावर मरळीला एक टेम्पोवाला भेटतो तो भाग ऐकताना मला रडू आलं आणि हसूही आलं.

तरी शेवट आलाच नाही. मरळ विष्णुपुरीच्या अलीकडं एका चहाच्या टपरीवर थांबली.

मग चाचांना ठसका लागला, आणि या वेळी रुमाल नुसता डागाळला नाही, भिजला. मी धावत आत गेले. त्यांनी मला हातानं थांबवलं आणि खुणेनं विचारलं, मशीन चालू आहे ना?

मी एवढी नालायक असेन असं मला वाटलं नव्हतं.

२७ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी मीच चाचीला बोलावून घेतलं. काचेमागं माझ्या शेजारी खुर्ची दिली. चाचांनी आत जाताना त्यांच्याकडं पाहिलं.

मरळ टपरीवरून उठली. धरण दिसायला लागलं. पाणी काठोकाठ. दारं बंद. चाचा रंगात आले होते. मी नेहमीसारखे हुंकार देत होते, आणि कुठं थांबायचं ते मला ठरवता येईना. चाचीनं माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. पदर घट्ट धरून बसल्या होत्या.

"मरळ भिताडावर उभी राहिली," चाचा म्हणाले. "खाली पानी. पानी म्हनलं, ये."

आणि थांबले, हुंकारासाठी.

माझी बोटं पट्टीवर होती. मी हात उचलून मांडीवर ठेवला.

चाचा थांबून राहिले. मग तेच वाक्य पुन्हा म्हणाले, थोडं मोठ्यानं, ऐकू गेलं नसेल म्हणून. "पानी म्हनलं, ये." हेडफोन कानांवर दाबला. माझा हात आपोआप उठायला लागला तो मी दुसऱ्या हातानं धरून ठेवला. इतकं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही.

"सिद्राम?" ते म्हणाले. "झोपलास का रे?"

मग त्यांनी काचेतून पाहिलं. माझ्याकडं नाही, चाचीकडं. गॉगल काढून त्यांनी डोळे पुसले आणि माइकच्या अगदी जवळ आले, आणि जसं दुकानात पोरं झोपल्यावर आवाज खाली आणून सांगत असतील तसं सांगितलं.

"मरळ पान्यात गेली. पान्यात गेल्यावर तोंड हालतंय, आवाज येत न्हाई. वर उभ्या मानसाला वाटतंय, काहीतरी सांगून राहिली. झालं. एवढीच हुती."

हेडफोन नीट गुंडाळून टेबलावर ठेवला. बाहेर येऊन चाचीला विचारलं, "कवाची तारीख हाय?"

"परवाची."

"मंग चल. दाढी करायची हाय."

माझ्यावर रागावलेत की सुटलेत ते मला कळलं नाही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

सात तास लागले. चाचा वाचले. आवाजाची पेटी पूर्ण काढावी लागली.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी चाचीच्या आणि लेकीच्या मागं उभी होते. ते म्हणाले, नक्की सांगता येत नाही, पण पहिल्या तारखेला आले असते तर एक बाजू कदाचित राहिली असती. घोगरा का होईना, आवाज राहिला असता. इतके दिवस काय करत होते?

चाचीनं माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

२ डिसेंबर, सोमवार

आज भेटू दिलं. चाचा उशीला टेकून बसले होते, गळ्यात नळी, अंगात दवाखान्याचा हिरवा अंगरखा. मला बघून त्यांनी अंगरख्याची शिवण दोन बोटांत धरून दाखवली आणि नाक मुरडलं. मी हसले. मग ते झोपले.

मी रेकॉर्डिंग नेलं होतं. चाचीनं हेडफोन मागून घेतला आणि खिडकीपाशी बसून ऐकलं. होस्टेलच्या बादलीपाशी हसल्या. पुढं बराच वेळ नुसत्याच ऐकत राहिल्या. हेडफोन काढून माझ्या हातात दिला तेव्हा आवाजात राग नव्हता.

"चांगलं हाय," म्हणाल्या. "लोकं लई हसतील. कितीचं हाय हे समदं मिळून?"

"अकरा तास, चाची."

"अकरा तास." त्यांनी झोपलेल्या चाचांकडं पाहिलं. "बेटा, त्याच्यात कुठं ते नुसतंच बोललेत का? गोष्ट न्हाई. फोनवर बिनवर. शकिला, जेवून घे. शकिला, आज दुकान लवकर बंद कर. असलं. मला तेवढंच पाहिजे. दुसरं कायबी नगं."

रोज दुपारी दूध पिऊन झालं की ते चाचीला फोन करायचे. रोज. मी काचेमागून बघत असायचे.

"शोधते," मी म्हणाले.

घरी येऊन बसले आहे. शोधण्यासारखं काही नाही. टेक संपला की मी बटण बंद करत होते.